ट्रक परत गेल्यावर
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात एका निवृत्त गुरुजींनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)





मला कीर्तन येत नाही. छत्तीस वर्षं हातात खडू धरला आणि आषाढीच्या रजेत तुमच्या मागं मागं चाललो, एवढीच माझी पुंजी. शताब्दीच्या कार्यक्रमात एक दिवस सेवेवर बोला, असं मंडळींनी सांगितलं. सेवेवर बोलायचं तर माझ्या हातून झालेली एक चूक सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही. ज्याच्या बाबतीत ती झाली, तो माणूस आज याच मंडपात बसलेला आहे. त्याला विचारूनच बोलतो आहे. नाव सांगणार नाही, तुम्हीही शोधू नका.

३० सप्टेंबर १९९३. तारीख आपल्या भागात कुणाला सांगावी लागत नाही. गणपती विसर्जन करून माणसं रात्री उशिरा घरी आली होती. थकून झोपली होती. पहाटे चारला चार-पाच मिनिटं कमी असताना धरणी हलली. किल्लारी, सास्तूर, तळणी, मंगरूळ, एकामागून एक गावं बसली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत बावन्न गावं पार भुईसपाट झाली. आठ ते दहा हजार माणसं गेली.

इतकी माणसं का गेली, ते तरण्या पोरांना सांगायला पाहिजे. आपली घरं तेव्हा माळवदाची. दगडाच्या दीड-दोन हात रुंद भिंती, दगडांच्या मध्ये नुसती माती, वर लाकडाच्या तुळया आणि त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार. दर वर्षी पावसाआधी आणखी थोडी माती टाकायची. बापानं टाकली, आज्यानं टाकली. तोच भार त्या पहाटे झोपलेल्या लेकरांवर आला. आदल्या वर्षी, १९९२ साली, किल्लारी भागात कितीतरी धक्के बसले होते. लोक भिऊन बाहेर झोपले होते. मग धक्के थांबले आणि माणसं आत झोपायला लागली. माणूस किती दिवस भिऊन राहणार?

आमचं गाव लांब. आमच्या भिंतींना तडे गेले, पण माणसं वाचली. सकाळी रेडिओवर बातमी आली आणि दिंडीतल्या जुन्या मंडळींनी ठरवलं, जायचं. आपल्याला काय लागतं? हजार माणसांचा स्वयंपाक रस्त्याच्या कडेला करायची सवय आपल्याला पिढ्यान् पिढ्यांची. घराघरातून भाकरी, चटणी, पिठलं गोळा झालं. कपडे गोळा झाले. एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर आणि एक ट्रक, आम्ही तीस-पस्तीस जण निघालो.

मी मुद्दाम त्यांच्याबरोबर गेलो, कारण त्यातल्या एका गावच्या शाळेवर मी चार वर्षं होतो. रस्त्यावर गाड्याच गाड्या. त्यात मदतीला आलेले किती आणि बघायला आलेले किती, हे सांगता येत नव्हतं. पाऊस लागून राहिलेला. गावात पोचलो तर मला माझी शाळा सापडेना. जिथं गल्ली होती तिथं दगडांचा ढीग, आणि सगळीकडं चिता पेटलेल्या.

भाकरी आम्ही वाटल्या. पण चौथ्या दिवशी मी काय पाहिलं? चारी बाजूंनी अन्न आलेलं, खायला माणसं नाहीत, भाकऱ्यांना बुरशी. कपड्यांचे ढीग चिखलात पडलेले. फाटक्या साड्या, बटणं तुटलेले सदरे. ज्या बाईच्या घरी महिन्यापूर्वी गड्यांच्या पंगती उठत होत्या, ती त्या ढिगाला हात लावीना. एक म्हातारी मला म्हणाली, "गुरुजी, आमचं घर पडलंय, आमची लाज नाही पडली." त्या शब्दांनी मला खाली बघायला लावलं. आम्ही घरातलं नको झालेलं गोळा करून आणलं होतं आणि त्याला सेवा म्हणत होतो.

सहाव्या दिवशी आम्ही परत निघालो. शेतीची कामं होती, नोकऱ्या होत्या. ट्रक सुरू झाला तेव्हा एक नऊ वर्षांचं पोरगं बाजूला उभं होतं. माझ्याच शाळेत पहिलीत बसलेलं. आई, बाप, धाकटी बहीण, तिघंही गेलेली. ते रडत नव्हतं. त्यानं एवढंच विचारलं, "गुरुजी, शाळा कधी भरणार?"

मी म्हणालो, "भरेल बाळा." आणि आमचा ट्रक निघाला.

आता दुसऱ्या एका माणसाची गोष्ट. शांतिलाल मुथ्था हे नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. बीड जिल्ह्यातल्या डोंगरकिन्हीचा माणूस. आपल्यासारख्याच दुष्काळी मुलखातला, वसतिगृहात राहून शिकलेला. पुण्यात जाऊन बांधकामाच्या धंद्यात पडले, चांगला जम बसला, आणि ऐन तिशीत तो धंदा बाजूला ठेवून समाजाच्या कामाला लागले. १९८५ साली त्यांनी भारतीय जैन संघटना उभी केली. सुरुवातीचं काम सामुदायिक विवाहांचं. लग्नाच्या खर्चापायी आणि हुंड्यापायी घरं बुडतात, ती वाचवायची. तोवर भूकंप, पूर हा त्यांचा विषय नव्हता.

किल्लारीचा भूकंप झाला आणि तेही धावून आले. तिथपर्यंत त्यांच्यात आणि आपल्यात फरक नाही. शेकडो संस्था आल्या, मठ आले, मंडळं आली, सरकार आलं, लष्कर आलं. प्रत्येकानं आपल्या परीनं केलं, कुणाला नावं ठेवायची नाहीत. पण बहुतेक जण दगडांकडं बघत होते, या माणसानं लेकरांकडं बघितलं. आई-बाप गेलेली, घर गेलेली, शाळा गेलेली लेकरं दिवसभर ढिगाऱ्यावर बसून होती. त्यांनी ठरवलं, या लेकरांना पुण्याला न्यायचं, सांभाळायचं आणि शिकवायचं. थोडीथोडकी नाही, बाराशे लेकरं.

बाराशे! आपल्या दिंडीत तीन-चारशे माणसं असतात आणि पंधरा-वीस दिवसांचा प्रश्न असतो, तरी पाण्याच्या टँकरपासून राहुट्यांपर्यंत आपली किती तारांबळ होते, हे व्यवस्थापकांना विचारा. इथं बाराशे लेकरांचं रोजचं जेवण, कपडे, दुखणंखुपणं, शाळा. आणि रात्री कुठं जरा आवाज झाला तरी ओरडत उठणारी ती लेकरं. पंढरपूरला पोचलो की आपलं ओझं उतरतं. इथं पोचायचं गाव दहा-बारा वर्षं लांब होतं. पुण्याजवळ वाघोलीला त्यांच्यासाठी शाळा आणि वसतिगृह असं संकुल उभं राहिलं.

संस्थेच्या नावात जैन आहे. पण आपल्या या गावांतली लेकरं कोण होती? मराठ्यांची, लिंगायतांची, दलितांची, मुसलमानांची, सगळ्यांची. दगड पडताना त्यानं जात विचारली नव्हती, उचलताना यांनी विचारली नाही. वाळवंटात आपण एकमेकांच्या पाया पडतो तेव्हा काय विचारतो? तेच हे.

आता माझी चूक.

ही मंडळी गावागावांत फिरून नातेवाइकांशी बोलत होती. त्या पोराचा चुलता वाचला होता. तो माझ्याकडं विचारायला आला, एवढा वीस कोस चालत, वाहन मिळेल तिथं वाहनानं. म्हणाला, "गुरुजी, पुण्याचे लोक लेकरं न्यायचं म्हणतेत. पाठवू का?" माझ्या शब्दाला त्याच्या लेखी मोल होतं.

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "पुणं लांब आहे. ओळख ना पाळख. लेकरू आपल्या मातीत असलेलं बरं. तुम्ही आहात, मी आहे. आपण बघू."

आपण बघू! किती सोपा शब्द आहे, माउली. त्यात 'मी' नाही आणि 'तू' नाही. त्यात उद्या नाही आणि परवा नाही. मला त्या वेळी खरोखरच वाटलं होतं की मी शहाणपणाचं बोललो. भीतीही खोटी नव्हती. परक्या माणसाच्या हाती लेकरू द्यायचं म्हणजे दहा वेळा विचार करायलाच हवा. पण मग मी स्वतः पुण्याला जाऊन बघून यायला पाहिजे होतं. गेलो नाही. आणि "मी आहे" म्हटलं होतं, त्या "मी"नं पुढं काय केलं? दिवाळीला एक सदरा पाठवला. दुसऱ्या वर्षी माझी बदली झाली. मग माझ्या मुलीचं लग्न, मग घराचं बांधकाम. चुलत्याची स्वतःची चार लेकरं, राहायला पत्र्याचं शेड, शेत गहाण. तो तरी काय करणार? पोरगं सातवीत शाळेतून निघालं आणि उसाच्या टोळीबरोबर गेलं.

त्याच गावातलं, त्याच वर्गातलं दुसरं एक लेकरू पुण्याला गेलं होतं. त्याची आजी माझ्यापेक्षा शहाणी निघाली. ती म्हणाली होती, "माझे किती दिवस राहिलेत? शिकू द्या त्याला." ते शिकून परत आलं, आज आपल्याच जिल्ह्यात नोकरीला आहे. मला भेटलं की वाकून नमस्कार करतं. आणि तो नमस्कार घेताना मला दुसरं पोरगं दिसतं.

कुणी म्हणेल, गुरुजी, नशीब ज्याचं त्याचं. असेलही. ऊस तोडणाऱ्या हाताला मी कमी लेखत नाही, तो हात नसता तर आपल्या चहात साखर पडली नसती. पण त्या लेकरानं मला विचारलं होतं, शाळा कधी भरणार. त्याला शिकायचं होतं. ते त्याच्या नशिबानं नेलं की माझ्या "आपण बघू"नं, याचा हिशोब मला पांडुरंगाला द्यायचा आहे.

मुथ्थांच्या संघटनेचं काम तिथं थांबलं नाही. २६ जानेवारी २००१ ला गुजरातेत कच्छचा भूकंप झाला. शाळाच्या शाळा पडल्या. किल्लारीत काय शिकले होते, ते तिथं कामाला आलं. लेकरू शाळेत बसलं की त्याचा दिवस पुन्हा दिवसासारखा होतो, आणि आई-बापालाही घर उभं करायला हात मोकळे होतात. मूळचा बांधकामातला माणूस. विटा, पत्रा, मजूर यांचं गणित ठाऊक. नव्वद दिवसांत त्यांनी ३६८ शाळा उभ्या केल्या, एक लाख वीस हजार मुलांसाठी. आपल्या गावातल्या शाळेची एक खोली बांधायला किती वर्षं लागली, ते आठवा म्हणजे नव्वद दिवस म्हणजे काय ते कळेल.

पुढं मेळघाटातली आदिवासी लेकरं वाघोलीला शिकायला आली. ज्या घरात शेतकरी बापानं जीव दिला, त्या घरांतली लेकरं आली. २०१३ च्या दुष्काळात बीडच्या तलावांतला गाळ काढायचं काम झालं. तलावाची खोली वाढली आणि काळा गाळ शेतात गेला. भूकंप एका पहाटेत येतो, दुष्काळ दबक्या पावलानं येतो. पण दोन्हींत लेकराची शाळा पहिली सुटते, हे आपण आपल्या डोळ्यांनी पाहिलं आहे. १९७२ च्या दुष्काळात मी स्वतः शाळा बुडवून आईबरोबर खडी फोडायला जात होतो. सुकडी खाऊन वाढलेला माणूस आहे मी.

मी मुथ्थांना संत म्हणत नाही. त्यांना ते आवडणारही नाही, आणि संत हा शब्द आपण जपून वापरायचा असतो. माझी त्यांची ओळखही नाही. पण आपल्याकडं मंगळवेढ्याचे दामाजीपंत होऊन गेले. दुष्काळात त्यांनी बादशहाची कोठारं रयतेला उघडून दिली. आपण कीर्तनात पुढची गोष्ट रंगवून ऐकतो, देव महाराचं रूप घेऊन बेदरला गेला आणि रक्कम भरली. ऐकताना डोळ्यांत पाणी येतं. मला आता त्या गोष्टीतली आधीची बाजू जास्त दिसते. दामाजीपंतांनी कोठार उघडलं तेव्हा देव येईल, हे त्यांना ठाऊक नव्हतं. आपल्या मानेवर सुरी येणार, एवढंच ठाऊक होतं. तरी उघडलं. त्यांनी "आपण बघू" म्हटलं नाही.

आणि आपला देव बघा. तो कुठं जात नाही. पुंडलिकानं विटेवर उभं राहा म्हटलं, तो उभा आहे. आपण एक रात्र पंढरीत राहतो, काला झाला की परत फिरतो, तो मात्र तिथंच. संकटातल्या माणसाला अशा उभ्या राहणाऱ्याची गरज असते. पहिल्या दिवशी सगळं गाव गोळा होतं. दहाव्याला निम्मं येतं. तेराव्यानंतर घरात ती बाई आणि तिची लेकरं राहतात. खरं संकट तिथून पुढं सुरू होतं.

म्हणून शताब्दीच्या निमित्तानं, पुढच्या शंभर वर्षांसाठी, मी दिंडीपुढं पदर पसरतो. मोठं काही मागत नाही. बाराशे लेकरं सांभाळायची आपली ताकद नाही, आणि नसलेल्या ताकदीच्या गप्पा मारायच्या नाहीत.

पहिली गोष्ट. आपल्याकडं वारकऱ्यांच्या नावांची वही आहे. कोण माळकरी, कोणाचा टाळ कुठल्या रांगेत, कुणी वर्गणी दिली, सगळं लिहिलेलं असतं. त्याच वहीच्या मागच्या पानांवर दुसरी यादी करू. दिंडीतल्या गावांमध्ये ज्या घरातला करता माणूस गेला, त्या घरातल्या लेकरांची नावं, इयत्ता, शाळा.

दुसरी गोष्ट. प्रत्येक नावापुढं दिंडीतल्या दोन माणसांची नावं लिहायची. एक बाई, एक बाप्या. त्यांनी तेराव्यानंतर जायचं. महिन्यानं जायचं. जून महिन्यात शाळा भरली की जायचं आणि लेकरू वर्गात बसलंय का ते डोळ्यांनी बघायचं. हातात काही नेलं नाही तरी चालेल. दरवर्षी निघायच्या आदल्या दिवशी, वीणा खांद्यावर घेण्याआधी, ती पानं सगळ्यांसमोर वाचायची. कुणाचं लेकरू शाळेतून सुटलं असेल तर ते तिथं कळलं पाहिजे.

तिसरी गोष्ट. भंडाऱ्यात एक गोड पदार्थ कमी करू. त्याचे पैसे त्या वहीसाठी. बारावीपर्यंत. मधे सोडायचं नाही. चार लेकरं झेपत असतील तर चारच घ्या, पण घेतलेलं सोडू नका. आणि द्यायचं ते नवं द्या. नवी वही, नवा गणवेश. त्या म्हातारीचं बोलणं विसरू नका.

आता शेवटचं सांगतो आणि थांबतो.

ते पोरगं आज चाळिशीला आलं आहे. गेली आठ वर्षं ते आपल्या दिंडीत चालतं. बार्शी, कुर्डुवाडीच्या वाटेवर रात्री सगळे झोपल्यावर टँकरपाशी जागं कोण असतं, ते तुम्ही पाहिलं असेल. काही दिवसांपूर्वी मी त्याच्या घरी गेलो. सांगितलं, "बाबा, मी असं असं बोलणार आहे, तुझी परवानगी पाहिजे." त्यानं मला आधी बसायला पोतं टाकलं. चहा झाला. मग म्हणाला, "गुरुजी, तुम्ही वाईट चिंतून बोलला नव्हता. तेवढं मी जाणतो."

मी म्हटलं, "वाईट चिंतलं नाही, पण पुढं काही केलंही नाही."

तो बराच वेळ बोलला नाही. मग आत गेला आणि लेकीला बाहेर घेऊन आला. आठवीत आहे. हुशार आहे, तोंडावरूनच कळतं. तिला म्हणाला, "गुरुजींच्या पाया पड." आणि मला म्हणाला, "हिचं गणित जरा कच्चं आहे. तुम्ही आता मोकळे असता ना?"

रोज संध्याकाळी साडेपाचला ती माझ्याकडं येते. अपूर्णांक चालू आहेत. मी तिला "बघू" म्हणत नाही. उद्याची वेळ सांगतो आणि त्या वेळेला ओट्यावर बसून राहतो.

एवढं बोलून मी माझी वाणी माउलींच्या चरणी ठेवतो. अधिक-उणं बोललो असेन तर लेकरू समजून पोटात घाला.

बोला, पुंडलीक वरदा हरी विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!